प्रतिसाद: कंटेनरच्या आतून दिसणारे आकडे
लिनक्सची 'फ्री' कमांड भरपूर मेमरी मोकळी दाखवते, तरी कंटेनरमधली (होस्ट मशीनवर वेगळा कप्पा करून चालवलेल्या प्रोग्रॅममधली) प्रोसेस मारली जाते, असं का, हे वर विचारलंय. कारण ते आकडे कंटेनरचे नाहीतच. 'फ्री' आणि 'टॉप' (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) प्रॉक फाइलसिस्टीम, म्हणजे कर्नल आपली माहिती जिथे मांडतो ती '/proc', वाचतात. 'टॉप'मधली प्रोसेसची यादी कंटेनरपुरती असते, पण वरचा गोषवारा अख्ख्या होस्टचा. मर्यादा मात्र सीग्रुप (प्रोसेसच्या गटाला मेमरी-सीपीयू वाटून देणारी कर्नलची सोय) लावतो. सीग्रुप व्हर्जन २ असेल तर 'मेमरी.करंट' (सध्याचा वापर) आणि 'मेमरी.मॅक्स' (मर्यादा) या फाइली बघा.

सीपीयूचं दुखणं जास्त छुपं आहे. समजा, मर्यादा २ कोअरची आहे. कर्नल हा कोटा नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १०० मिलीसेकंदांसाठी मोजतो, म्हणजे हाती सीपीयूचा २०० मिलीसेकंद वेळ. एकदम ८ थ्रेड धावले की हा कोटा २५ मिलीसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ सगळे थ्रेड नुसते ताटकळतात. मिनिटाच्या सरासरीचा आलेख मात्र निवांत दिसतो! म्हणून सीग्रुपच्या 'सीपीयू.स्टॅट' फाइलमधला 'एनआर_थ्रॉटल्ड' (असं किती वेळा अडवलं गेलं तो आकडा) वाढतोय का ते आधी तपासा. माझ्या मते अलर्ट लावायचा तर यावर, टक्केवारीवर नाही.

राहिला 'पर्फ', म्हणजे सीपीयूचा वेळ कुठे जातो ते मोजणारं लिनक्सचं साधन. त्यासाठी कंटेनर 'प्रिव्हिलेज्ड' (जवळजवळ होस्टइतके अधिकार असलेला) करायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो प्रॉडक्शनवर तरी नको. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरचं डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइल (कर्नलकडे कोणत्या मागण्या करता येतील ते ठरवणारी यादी) 'पर्फ'चा सिस्टम कॉल अडवतं ते उगाच नाही. 'पर्फ' होस्टवरच चालवा आणि सीग्रुपचा पर्याय देऊन तेवढाच कंटेनर मोजा. फंक्शनच्या नावांऐवजी नुसते मेमरीतले पत्ते दिसले, तर बहुधा प्रोग्रॅमची बायनरी फाइल कंटेनरच्या फाइलसिस्टीममध्ये आहे, 'पर्फ'ला ती सापडत नाहीये. होस्टवरून प्रॉकमधल्या त्या प्रोसेसच्या 'रूट'खाली ती मिळेल.