घरी बनवलेल्या पूर-गाडीचं मॉडेल किट : रेझिन फुगतंय, साचा फाटतोय. डिझाइनमध्येच काही चुकतंय का?

शुक्रवारपेठकर · १६ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी शिरोली एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कॅडवर ड्रॉइंग काढते. दिवसभर फ्लँज आणि ब्रॅकेट, रात्री जेवण झालं की माझी गाडी.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं तेव्हा आजीला खुर्चीसकट उचलून बोटीत बसवलं होतं. बोट गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि टेकली, कारण तिथं चढ आहे आणि पाणी जेमतेम गुडघाभर. तिथून पुढं चौघांनी आजीला हातांवर नेलं. तेव्हापासून एक गाडी डोक्यात आहे. खोल पाण्यात बोट, पाणी उथळ झालं की सहा चाकांवर तशीच पुढं चालणारी, मागं उतरता दरवाजा, खुर्ची किंवा स्ट्रेचर सरळ आत. शंभर वर्षांनंतरच्या कोल्हापूरची गाडी म्हणा.

स्केल १:३५. मॉडेल २१ सेंमी लांब, म्हणजे खरी गाडी ७ मीटर ३५ सेंमीची. चाक ४ सेंमी, म्हणजे खरं चाक १ मीटर ४० सेंमीचं, माणसाच्या छातीपर्यंत येणारं. बॉडी १ मिमी प्लास्टिक शीट कापून केली. वरचे बारीक भाग घरातलेच : सायलेन्सरला इंजेक्शनची सिरिंज, हेडलाइटच्या जाळीला स्टेपलरच्या पिना, छतावर जुन्या रेडिओची बटणं.

दिवाळीला गल्लीतली पोरं किल्ला करतात. त्यातल्या दहा जणांना ही गाडी सुट्या भागांत द्यायची आहे, त्यांनी स्वतः जोडायची. म्हणून सिलिकॉन रबराचा साचा, त्यात रेझिन ओतून नग काढायचे. आणि तिथं सगळं अडलंय :

साचा करताना सिलिकॉन जिथं क्लेला (मॉडेलिंगच्या मातीला) टेकलं होतं तिथं दोन दिवस झाले तरी चिकटच. पॉलियुरेथेन रेझिन ओतलं तर इडलीच्या पिठासारखं फुगून वर आलं. दुसरा नग काढताना बॉडीवरच्या शिडीपाशी साचा टरकला. आणि चाकाच्या दोन अर्ध्या साच्यांत अर्ध्या मिमीची पायरी पडतेय.

सिलिकॉन स्वस्त नाही, पगारातून बाजूला काढून आणलंय. कुणी हे केलं असेल तर सांगा, प्लीज.

---

राजारामपुरी_७ · १६ जुलै, रात्री ११.२५

पहिल्या दोन गोष्टी मला माहीत आहेत, मीही त्यात पैसे घालवलेत.

तुमचं सिलिकॉन समसमान मिसळायचं आहे का? तसं असेल तर बहुतेक प्लॅटिनमवालं. त्याला गंधक चालत नाही आणि बऱ्याच मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं. जिथं क्ले तिथं ते आळतच नाही. लेटेक्सचे हातमोजेही चालत नाहीत, नायट्राइलचे घ्या. क्ले घेताना ‘सल्फर फ्री’ लिहिलेली बघून घ्या, आणि आधी चमचाभर सिलिकॉन त्यावर टाकून रात्रभर ठेवून बघा. दोन-चार टक्के हार्डनर घालायचं टिनवालं सिलिकॉन येतं, त्याला गंधकाचा त्रास नाही. फक्त तो साचा महिन्यांनी थोडा आकसतो.

फुगणं म्हणजे ओल. रेझिनच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच फेस. जुलैत आपल्याकडं भिंतीलासुद्धा पाणी सुटतं, डबा उघडा राहिला की रेझिन गेलंच समजा. ढवळायला लाकडी काडी आणि कागदी कप वापरू नका, दोन्हींत ओल असते. आणि खिडकी उघडी, ऑरगॅनिक व्हेपरचं (रासायनिक वाफ अडवणारं) काडतूस असलेला मास्क तोंडाला. स्वयंपाकघरात अजिबात नाही.

---

उद्यमनगर_पॅटर्न · १७ जुलै, सकाळी ६.१०

ताई, मी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा. एकेचाळीस वर्षं उद्यमनगरात सागवानी पॅटर्न केले. ऑइल इंजिनच्या बॉडी, पंपाचे इंपेलर, उसाच्या चरकाचे भाग. रेझिन मी फारसं हाताळलेलं नाही, त्यातलं वरच्या भावाला जास्त कळतं. पण तुमचे तिसरे आणि चौथे दोन्ही प्रश्न माझे आहेत.

तुम्ही गाडी आधी बनवली आणि साच्याचा विचार नंतर केला. आमच्यात पोरगा कामाला लागला की वस्ताद ड्रॉइंग पुढ्यात टाकून एकच विचारायचे, ‘पेटी कुठं उघडणार?’ त्याचं उत्तर दिल्याशिवाय करवतीला हात लावू द्यायचे नाहीत. मी पहिल्या आठवड्यात तीनदा चुकलो होतो.

तुमची बॉडी हातात घ्या आणि एका डोळ्यानं बरोबर वरून बघा. जे दिसत नाही, जे दुसऱ्या कशाच्या तरी आड लपतं, ते साच्यात अडकणार. शिडीच्या मागची फट, सायलेन्सरच्या खालची पोकळी, हेडलाइटची जाळी. वाळूचा साचा असता तर तिथं वाळू ढासळली असती. सिलिकॉन रबरासारखं ताणतं म्हणून एक नग निघाला, दुसऱ्याला फाटलं. त्याचा दोष नाही, तुम्ही त्याच्याकडून जास्त मागितलं.

म्हणून शिडी काढा, सायलेन्सर काढा, जाळी काढा. तिन्ही वेगळ्या ओता. बॉडीवर त्यांच्या जागी २ मिमीची भोकं, भागांना तेवढेच खुंट. पोरांना जोडायला हेच लागणार आहे, नाहीतरी किट म्हणजे दुसरं काय. पिनांची जाळी तर ओतूच नका, दहा पाकिटांत पिनाच द्या.

बॉडीच्या उभ्या बाजू एकदम उभ्या ठेवू नका. आम्ही एक-दोन अंशांचा उतार देतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सिलिकॉनला तो नसला तरी चालेल, पण मागच्या दरवाजाच्या खाचेसारख्या खोल जागेत दिलात तर साच्याचं आयुष्य वाढेल. आतले काटकोन कोपरे लांबी (पुट्टी) भरून गोल करा. तीक्ष्ण कोपऱ्यातूनच साचा फाटायला सुरुवात होते. मग सरफेसर (प्रायमर) मारून ४०० आणि ८०० च्या वॉटर पेपरनं पाण्यात घासा. पॅटर्नवर जो ओरखडा राहील तो दहाही गाड्यांवर येईल.

चाकाची पायरी : दोन्ही अर्धे एकमेकांत बसायला खुणा केल्यात का? आमच्या पेट्यांना डॉवेल, म्हणजे जुळवायचे खुंट असतात. तुम्ही पहिला अर्धा ओतताना क्लेमध्ये पोरांच्या गोट्या अर्ध्या दाबा, चारही कोपऱ्यांत. गोट्या काढल्या की खळगे, दुसऱ्या अर्ध्यावर उंचवटे. आणि पेटीला रबरबँड लावताना नुसता लावू नका. दोन्हीकडं सपाट प्लायचा तुकडा ठेवून मग बांधा, नाहीतर रबर दबून चाक अंडाकृती होईल. पार्टिंग लाइन, म्हणजे दोन अर्ध्यांचा सांधा, टायरच्या बरोबर मधून घ्या. तिथला फ्लॅश (सांध्यातून आलेली पातळ कड) घासला तरी नक्षी मोडत नाही.

दुसरा अर्धा ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात द्यायला विसरू नका. सिलिकॉन बाकी कशाला फारसं चिकटत नाही, स्वतःला मात्र चिकटतं.

अजून एक. ओतलेल्या चाकावरून पुन्हा साचा काढू नका. प्रत्येक वेळी थोडं आकसतं. बिडासाठी आम्ही शंभराला एक धरून मोठा पॅटर्न करायचो, त्याची वेगळी पट्टी असते, माझ्याकडची अजून आहे. रेझिन तेवढं आकसत नाही, पण नकलेची नक्कल केलीत तर आस भोकात जाणार नाही. मूळ चाक जपून डब्यात ठेवा.

आसाला सायकलचा स्पोक घ्या. २ मिमीचा सरळ, कुठल्याही सायकलवाल्याकडं मिळतो.

---

शुक्रवारपेठकर · १७ जुलै, रात्री ९.५०

काका, तुमचं उत्तर डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि तिथंच गाडीचा सेक्शन उघडून बसले. वरून बघितल्यावर अकरा जागा लपलेल्या निघाल्या. अकरा! मी रोज ड्रॉइंगवर ड्राफ्ट अँगल टाकते आणि स्वतःच्या गाडीला एकही दिला नव्हता.

एक विचारू का? बॉडी भरीव ओतली तर जड होते आणि रेझिन फार जातं. पोकळ कशी करायची? आत कोअर (पोकळी ठेवणारा ठोकळा) बसवून बघितला, तो तरंगून वर येतो.

---

गंगावेस_साचेवाले · १८ जुलै, दुपारी २.१५

आमचं घर गणपतीवाल्यांचं, सध्या मान वर करायला वेळ नाही, पण हे सांगतो.

कोअर सोडा. आम्ही पोकळ मूर्ती कशी करतो? साच्यात पातळ कालवलेलं प्लास्टर थोडं ओतायचं, साचा सगळ्या बाजूंनी फिरवायचा, कडेला थर बसला की पुन्हा थोडं. तुमच्या बॉडीला तसंच करा. पहिला थर चार-पाच चमच्यांचा, सगळ्या कोपऱ्यांत पोचवा, जेल झाला की दुसरा. तीन थरांत जाडी येते. रेझिन हळू आळणारं घ्या, तीन मिनिटांचं असेल तर फिरवता फिरवता हातातच दगड होईल.

सिलिकॉन वाचवायचं तर डबा भरून ओतू नका. पहिला पातळ हात ब्रशनं, बुडबुडे फुंकून फोडत. मग घट्ट केलेल्या सिलिकॉनचे दोन हात, एकूण सात-आठ मिमी. बाहेरून प्लास्टरचं कवच, त्यात काथ्या घाला म्हणजे तडकणार नाही. कवच दोन तुकड्यांत उघडेल असं करा. नुसतं रबर मऊ असतं, कवचाशिवाय गाडी वाकडी निघेल.

चाकासाठी किती रेझिन लागेल ते बघायला साच्यात पाणी भरू नका, पाऊस आहे, सुकणार नाही. तांदूळ भरा, ते मापात ओता, ब्रशनं साचा झाडा. आणि हवा वरच जाते, तेव्हा चाक आडवं न ठेवता उभं ठेवून रेझिन खालून चढू दे. सगळ्यात वरच्या टोकाला हवेची वाट काढा. ओतायच्या आधी साच्यात टाल्कम पावडर मारून झटका, टायरच्या खाचांत रेझिन चांगलं पोचतं.

---

शुक्रवारपेठकर · ११ ऑक्टोबर, रात्री ११.०५

उशिरा लिहितेय, पण सगळं करून मग लिहितेय.

पावसाळाभर फक्त पॅटर्न केला. बॉडी पुन्हा पहिल्यापासून कापली, आता ती कमरेपाशी दोन भागांत उघडते : खालची नाव, वरचं छत. एकूण भाग तेवीस. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाल्यावर रेझिनचा नवा डबा फोडला. पहिल्या नगाला फेस नाही. मी तो नग हातात घेऊन किती वेळ नुसती बसून होते.

आत्तापर्यंत सहा बॉडी आणि अडतीस चाकं झाली. साचा अजून धड आहे. नावेच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात दर वेळी मुगाएवढा एक बुडबुडा राहतो. तिथं पहिल्या थराआधी टूथपिकनं थेंबभर रेझिन लावून बघितलं, तर निम्म्या नगांत गेला, निम्म्यांत नाही.

समोरची काच साच्यात केली नाही. पाण्याच्या बाटलीचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ताणून हॉट एअर गननं तापवला, तो ठोकळ्यावर आवळून बसला. तिसऱ्या बाटलीला जमलं.

पहिल्या दोन गाड्यांच्या दारावर नंबर टाकलेत, ३९ आणि ४३. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराच्या इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, आमच्या गल्लीत हे आकडे लहान पोरांनाही पाठ आहेत. ४३ नंबरच्या गाडीत एक खुर्ची बसवली आहे. आजीनं ती बघितली आणि विचारलं, मागचं दार खरंच खाली उतरतं का. उतरतं.

काका, त्या दाराच्या बिजागरीला मी स्टेपलरची पिन वापरली आहे आणि ती दहा-बारा वेळा उघडली की सैल पडते. पोरं तर शंभर वेळा उघडतील.

---

उद्यमनगर_पॅटर्न · १२ ऑक्टोबर, सकाळी ६.००

पिन नको. ०.८ मिमीची पितळी तार घ्या, गुजरीत सोनारांना लागणारं सामान विकणाऱ्याकडं मिळेल. भोक रेझिनमध्ये सरळ पाडू नका, झिजतं. इंजेक्शनच्या सुईचा तुकडा कापून तिथं नळी म्हणून चिकटवा, तार त्यात फिरू दे. टोक आधी घासून बोथट करा, पोरांच्या हातात जायचंय. सुई कोरी घ्या, वापरलेली नको. तार आत सैल वाटली तर एक नंबर बारीक सुई बघा.

बुडबुड्याचं : साचा ओतताना कुठल्या बाजूला कलता ठेवता? पुढच्या वेळी मागची डावी बाजू खाली ठेवा आणि फिरवायला तिथूनच सुरुवात करा. एक नग तसा काढून फोटो टाका.