मॉनिटर दोन सेकंद लागतो आणि काळा पडतो, काय करावं?

अक्षरजुळणी_डिचोली
डिचोलीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, आणि सध्या चवथीच्या आरत्यांच्या पुस्तिका. मॉनिटर १७ इंची जुना एलसीडी, १२८० बाय १०२४ पिक्सेलचा. पाऊस लागल्यापासून त्याचं तंत्र बिघडलंय. बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह दिसतं आणि दोन सेकंदांत पडदा काळा. हिरवा दिवा मात्र लागलेलाच. बंद-चालू करत राहिलं की कधीतरी धरतो, आणि एकदा तापला की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही. केबल बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितला, तेच. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच ‘पॅनल गेलं, भंगारात घाला’ म्हणून सांगितलं. खरंच गेलं का?

दर्याकाठ
नवा घ्या हो! एवढ्या जुन्यावर कशाला वेळ घालवताय?

अक्षरजुळणी_डिचोली
माझ्या खिशाला झेपतात ते नवे सगळे आडवे, उंचीला ७६८. माझ्याकडे १०२४ आहे. पत्रिकेचं उभं पान त्यात अर्धंच दिसतं.

तिस्कावरचा_सोल्डर
फोंड्याला तिस्कावर रोज हेच उघडून बसतो, म्हणून लिहितो. पॅनल गेलं की उभ्या रेघा येतात. दोन सेकंद स्वच्छ चित्र दाखवणारं पॅनल ठणठणीत आहे. न उघडता निदान करणाऱ्याकडे परत जाऊ नका.

पहिलं काम फुकटचं. पडदा काळा पडला की दुकानातले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ नेऊन तिरका मारा. आत पुसट आयकॉन दिसले तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. तुमच्या मॉनिटरमध्ये एलईडी नाहीत, बारीक ट्यूब आहेत. १७ इंचीत बहुधा वर दोन, खाली दोन. त्यांना शेकडो व्होल्ट लागतात, ते मॉनिटरच्या आतलं इन्व्हर्टर नावाचं सर्किट देतं (घरच्या बॅटरीवाला इन्व्हर्टर नव्हे). एखाद्या ट्यूबचा करंट नीट आला नाही की ते सेकंद-दोन सेकंदांत सगळ्याच ट्यूब बंद करतं. हिरवा दिवा मेनबोर्डाचा, त्याला याचं सोयरसुतक नाही.

थंड असताना त्रास आणि तापल्यावर बरा, हे वाचूनच माझा संशय पॉवर सप्लायच्या कंडेन्सरांवर (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांवर) गेला. आतलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतं, मग ट्यूब पेटवताना लोड आला की व्होल्टेज बसतं. गरम झाल्यावर तेच कंडेन्सर थोडं बरं काम करतात. डोकं फुगलंय का, वर तपकिरी डाग आहे का, बघा. सपाट दिसला म्हणून चांगला असं मात्र नाही. मी त्या लाइनवरचे सगळे एकदमच बदलतो, स्वस्त माल आहे.

उघडण्याआधी प्लग काढा. बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या कंडेन्सरात ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही राहू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे बहाद्दर असतात, तसं करू नका. होल्डरमधला जुना ६० वॅटचा बल्ब त्याच्या दोन पायांना लावा, मग मीटरने शून्य आलंय का ते बघूनच हात घाला. एकट्याने कधी केलं नसेल तर जाणत्याला सोबत बसवा.

नवे घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ डिग्रीचे, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले). पट्टीची बाजू निगेटिव्ह. उलटा बसवला तर फुटतो.

आणि आपल्याकडचा पाऊस! इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरभोवती धुळीचा थर असतो, तो ओल धरतो आणि तिथून हाय व्होल्टेज गळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळू द्या. ट्रान्सफॉर्मरच्या पायांपाशी डाखाला गोल चीर दिसली तर तो ड्राय सोल्डर, ताजा डाख द्या. नुसत्या एवढ्यावर चालू झालेले मॉनिटर माझ्या टेबलावरून गेलेत.

पेडण्याचा_प्रिंटर
आणि ट्यूबच गेली असेल तर?

तिस्कावरचा_सोल्डर
टोकं काळी पडलेली असतात, पडदा आधीपासून लालसर दिसायला लागतो. एलईडी पट्ट्यांचं किट मिळतं, पण त्यासाठी पॅनल सोलावं लागतं आणि आत धूळ गेली की कायमचे ठिपके. ट्यूब फोडू नका, पारा असतो. म्हणून कंडेन्सर आधी, ट्यूब शेवटी.

अक्षरजुळणी_डिचोली
टॉर्च मारला, पुस्तिकेचं पान अंधूक दिसलं! भाच्याला घेऊन उघडला. कडेच्या खाचा सोडवायला जुनं एटीएम कार्ड कामाला आलं. बल्ब लावून, मीटर धरून मगच पुढे गेलो. इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या वायरींच्या बाजूला दोन कंडेन्सर फुगलेत, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. म्हापशात ३५ व्होल्टचे मिळतायत, पण उंच आहेत, वरचा पत्रा टेकेल. चालतील?

तिस्कावरचा_सोल्डर
चालतील. पाय थोडे लांब ठेवा, कंडेन्सर आडवा झोपवा, पायांवर स्लीव्ह (प्लास्टिकची बारीक नळी) घाला. ट्रान्सफॉर्मर किंवा हीटसिंकला (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटवू नका. पत्रा बसवायच्या आधी एकदा चालू करून बघा, पण तेव्हा बोर्डाला बोट नको.