घरच्यांना घेऊन लास वेगासला गेलात? तुमचा अनुभव सांगा

येत्या डिसेंबरात आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत येत आहेत. आम्ही लॉस एंजेलिसजवळ राहतो, म्हणजे वेगास गाडीने चार-साडेचार तासांवर. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांब आलेल्या माणसांना ते दिवे दाखवायलाच हवेत. मला धाकधूक आहे. लग्नाआधी मी मैत्रिणींबरोबर गेले होते आणि तेव्हाचं ठळक आठवतं ते असं, की हॉटेलात कुठूनही कुठेही जायचं तर वाट जुगाराच्या मशिनांमधूनच जाते. रिसेप्शन एका टोकाला, लिफ्ट दुसऱ्या टोकाला, मधे कॅसिनो. बाबांनी आयुष्यात कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. मुलगा चौदाचा, मुलगी सात वर्षांची. तीन पिढ्यांना घेऊन गेलेल्यांनी सविस्तर लिहा. हॉटेलांच्या याद्या कुठेही मिळतात, मला तुमच्या घरात काय घडलं ते हवं आहे.

*

फिनिक्सहून लिहिते आहे. आमची लेक तेव्हा सोळाची होती. नेवाडात एकवीस पूर्ण नसतील तर जुगार खेळता येत नाहीच, पण मशिनांपाशी रेंगाळताही येत नाही. मोठ्यांबरोबर चालत पलीकडे जायचं, बस्स. मी खोलीचं कार्ड शोधायला पर्स उघडून उभी राहिले, लेक शेजारी. अर्ध्या मिनिटात गणवेशातला माणूस आला आणि म्हणाला, चालत राहा. सौम्यच बोलला, पण तिचा चेहरा उतरला. चोरी करताना पकडल्यासारखं वाटलं, असं रात्री म्हणाली. तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाला हे घरूनच सांगून ठेवा. वीकेंडला रात्री नऊनंतर अठराच्या आतल्या मुलांनी मोठ्यांशिवाय स्ट्रिपवर, म्हणजे मोठमोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, फिरायचं नाही, हाही नियम आहे.

तीच लेक बेलाजिओ हॉटेलच्या लॉबीत वीस मिनिटं मान वर करून उभी होती. छताला डेल चिहुली या काच-कलाकाराने केलेली दोन हजार काचेची फुलं आहेत, एकमेकांवर पाकळ्या टाकलेली. मागे मोठी फुलबाग आहे, ऋतूप्रमाणे सगळी मांडणी बदलतात. दोन्ही फुकट. आज ती काचकाम शिकते आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

*

एक व्यावहारिक गोष्ट, कारण आम्हाला तिचा फार मनस्ताप झाला. बाबांचं इन्सुलिन ठेवायला आम्ही खोलीतला मिनीबार उघडला आणि दोन बाटल्या बाजूला सरकवल्या. खालच्या पट्टीत सेन्सर असतात. बाटली उचलली की बिलात लागते. निघताना बिल पाहिलं तर पिऊन टाकल्याची रक्कम, शिवाय रोजची रिसॉर्ट फी, जी बुकिंग करताना आमच्या नजरेतून सुटली होती. मिनीबारचे पैसे भांडून परत मिळाले, पण बाबा विमानतळापर्यंत गप्प होते. आपल्यामुळे मुलाला चार लोकांत बोलावं लागलं, हे त्यांना लागलं. औषधासाठी वेगळा फ्रिज मागितला तर बरीच हॉटेलं देतात. आल्या आल्या मागा. आणि कुणाला दम्याचा त्रास असेल तर लक्षात घ्या, इथे कॅसिनोत सिगारेट ओढायला परवानगी आहे आणि तो धूर चुकवून लिफ्टपर्यंत जाता येत नाही. पार्क एमजीएम हे धूम्रपानाला बंदी असलेलं हॉटेल आहे. पुढच्या वेळी आम्ही तिथेच राहिलो.

*

हे मी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं.

दिवसभर मुलांना सर्कस सर्कस हॉटेलच्या आतल्या पाळण्यांत बसवलं. हे सगळं काचेच्या गुलाबी घुमटाखाली आहे, उन्हाचा त्रास नाही. मुलं दमून झोपली, बायकोही झोपली. मी पाण्याची बाटली आणायला खाली गेलो. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराचं पंधरा डॉलरचं टेबल होतं. पहिल्या वीस मिनिटांत मी नव्वद डॉलर जिंकलो, आणि माझा घात त्या नव्वदनेच केला. आत घड्याळ नाही, खिडकी नाही, रात्रीचे अकरा आणि पहाटेचे चार सारखेच दिसतात. पत्ते वाटणारी बाई दर थोड्या वेळाने बदलायची, जाताना टाळी वाजवून रिकामे तळवे उलटसुलट करून दाखवायची. तेवढंच काय ते वेळ गेल्याचं लक्षण. बाहेर आलो तेव्हा डोंगरामागे उजाडत होतं आणि आठशे डॉलर गेले होते. त्या महिन्यात मुलाच्या दातांच्या तारांसाठी बाजूला काढलेले.

बायको उठली तेव्हा मी अंघोळ करून बसलो होतो. लवकर जाग आली म्हणालो.

घरी परतताना वाटेत बेकर नावाचं गाव लागतं, तिथे १३४ फूट उंचीचा तापमापक आहे. मुलं त्याच्यासमोर फोटो काढत होती तेव्हा तिला सांगितलं. बार्स्टो येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पैशांचं नाही रे. लवकर जाग आली म्हणालास, त्याचं वाईट वाटलं."

आता तिकडे गेलो की माझी कार्डं तिच्याकडे असतात. हे मी स्वतःहून करतो. ज्यांना आपल्याला असं काही होणार नाही अशी खात्री आहे त्यांनीही करावं, मलाही खात्री होती.

*

मी पणजीची. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी बघतच आमची संध्याकाळ होते. गोव्यात २०२० पासून स्थानिकांना कॅसिनोत जायला बंदी आहे, पाहुण्यांनी खेळावं, गोंयकारांनी नाही. भाऊ वेगासजवळच्या हेंडरसनला राहतो, त्याच्याकडे पंधरा दिवस होते. दिव्यांचं काही वाटलं नाही, ते मी रोज नदीच्या पाण्यात बघते. पण वहिनीबरोबर दूध-भाजी आणायला सुपरमार्केटात गेले, तर दाराशी, ट्रॉल्या लावतात त्याच्या शेजारी, मशिनं. एक आजी बसली होती. पायाशी भाजीची पिशवी, तिच्यातून कोथिंबीर बाहेर आलेली. आम्ही सामान घेऊन पाऊण तासाने निघालो तरी ती तिथेच, कोथिंबीर मलूल झालेली. पेट्रोल पंपावरही तेच. १९३१ पासून तिथे जुगार कायदेशीर आहे, म्हणजे त्या आजीच्या जन्माआधीपासून. गावातल्या माणसाला यातून बाहेर राहायला जागाच ठेवलेली नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आमच्याकडची बंदी किती पाळली जाते यावर वाद आहेत, पण ती असायला हवी असं मी तेव्हापासून ठामपणे म्हणते.

*

मी वेगासमध्येच रुग्णालयात परिचारिका आहे. डिसेंबर निवडलात ते चांगलं केलंत. जुलैत आमच्याकडे तळपाय भाजलेली माणसं येतात. फुटपाथवर चक्कर येऊन पडलेली म्हातारी माणसं येतात, त्यांची पाठ आणि हात भाजलेले असतात. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी दुपारी बारा ते सहा बाहेर पडूच नका, मुलांना तर अनवाणी पोहण्याच्या तलावापर्यंतही चालवू नका. डिसेंबरात उलट, रात्री चांगलीच थंडी असते, आईंना कानटोपी हवी. स्ट्रिपवर समोर दिसणारं हॉटेल जवळ वाटतं आणि चालायला लागलं की अर्धा तास जातो. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने घ्या, संकोच करू नका. आणि एक सकाळ रेड रॉक कॅन्यनला द्या. स्ट्रिपपासून सत्तावीस किलोमीटर. लाल खडकांमधून गाडीचा एकेरी रस्ता आहे, उतरायचीही गरज नाही. हिवाळ्यात आधी वेळ राखून ठेवावी लागते.

*

सासूबाई साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. आम्ही त्यांना पहिल्या रात्री बेलाजिओच्या कारंज्यापाशी नेलं. आठ एकरांचं तळं, गाण्याच्या तालावर डोलणारं पाणी, मधेच तोफेसारखा आवाज होऊन एखादा झोत साडेचारशे फुटांपर्यंत जातो. लोक ओरडत होते. त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. तुषार अंगावर आले तसा पदर पुढे ओढला आणि ओल्या झालेल्या मनगटाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हितं पाऊस पडतुय व्हय गं?"

नाही पडत, म्हटलं. वर्षाला चार-पाच इंच.

"मग पानी कुठनं?"

कारंज्याचं पाणी तिथल्याच जुन्या विहिरीचं, पण शहराचं बहुतेक सगळं पाणी कोलोरॅडो नदीचं, धरण बांधून अडवलेलं. घराघरांतलं सांडपाणी शुद्ध करून परत त्याच जलाशयात सोडतात. हे नवऱ्याने समजावलं, तर म्हणाल्या, ते धरण दाखवा. वेळापत्रकात दुसऱ्या दिवशी भारी तिकिटांचा खेळ होता. तो मुलांनी आणि नवऱ्याने पाहिला, मी आईंना घेऊन हूव्हर धरणावर गेले. गाडीने पाऊण तास.

डिसेंबरच होता. धरणावरच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एकावर नेवाडाची वेळ, दुसऱ्यावर ॲरिझोनाची. हिवाळ्यात त्यांच्यात एक तासाचा फरक असतो. आईंनी ती दोन्ही वाचली, मग खाली पाहिलं. ७२६ फूट उंची आहे. जलाशयाच्या कडेने खडकावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी कुठवर होतं ते दाखवणारा. तो मी दाखवायच्या आधीच त्यांना दिसला. "खाली गेलंय की पानी," म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, हे बांधताना माणसं किती होती, मेली किती. काम १९३१ ला सुरू झालं, मंदीचे दिवस होते, पोट भरायला देशभरातून लोक आले होते. कामावर मेलेल्यांचा सरकारी आकडा ९६ आहे, मी फोनवर शोधून वाचून दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्या येळंला बी कामावर पोरगी गेली एक, दरड पडून, म्हणाल्या. तिचं नाव सांगितलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दुष्काळात रेशनला आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, अमेरिकेतून यायचा, त्याच्या भाकरी तुटायच्या, घशाखाली उतरायच्या नाहीत, तरी त्यावरच जगलो, हेही तिथेच, वाऱ्यात उभं राहून सांगितलं.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता. रात्री नातवाने हट्ट धरला म्हणून त्यांनी पलंगावर मांडी घालून, डाव्या हातात दगड धरल्यासारखं करून, हातोडी कशी मारायची ते दाखवलं. बोटं आत ठेवायची, नाहीतर ठेचतात. मग स्वतःच म्हणाल्या, चला, ते पानी पुन्हा बघून येऊ.