कासबरोबर बाकीचे सडेही घ्या

साताऱ्यातल्या कॉलेजच्या मुलांना कासच्या पठारावर नेऊन वनस्पतींच्या नोंदी करून घ्याव्यात, ही सूचना मनापासून पटली. फक्त कासवरच थांबू नका. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेल्या कासच्या फोटोंना काही तोटा नाही. गावामागच्या बिननावाच्या सड्याकडे, म्हणजे खडकाळ पठाराकडे, मात्र कोणी फिरकत नाही. शिवाय एका सहलीनं फार हाती लागत नाही. एकच सडा जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला पाहिला, तर वायतुरा कधी उगवतो, कधी फुलतो आणि पाणी आटल्यावर कधी जमिनीखालच्या कंदापुरता उरतो, हे कळेल. शास्त्रीय नावातच सातारा असलेली ही वनस्पती आपल्या पोरांना ओळखता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

फोटो नुसता समोरून फुलाचा नको. बाजूनं फूल, पानाची खालची बाजू, खोड आणि आजूबाजूची जागाही हवी. नाहीतर तज्ज्ञालाही जात सांगता येत नाही.

गुराख्यांना जरूर सोबत घ्या. 2002 च्या जैविक विविधता कायद्याखाली गावातल्या जीवसृष्टीची आणि तिच्याबद्दलच्या माहितीची जी लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, ती त्यांच्या माहितीशिवाय भरणार कशी?

आणि कंदीलपुष्पासारखी दुर्मीळ झाडं दिसली, तर नेमकं ठिकाण कुठेही उघड टाकू नका. कंद उकरणारे लोक आहेत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर नोंद करताना ठिकाण झाकण्याची सोय असते, ती मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा.