'कॉटन कम्स टू हार्लेम'ची डिस्क चालत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

निशिगंधा_नागपूर:
नमस्कार मंडळी. भावाने अमेरिकेतून 'कॉटन कम्स टू हार्लेम'ची डिस्क पाठवली आहे. नवीकोरी, सीलबंद होती. प्लेअरमध्ये घातली की थोडी घरघर होते, पडद्यावर एक ओळ येते आणि पुढे काहीच नाही. बाकी सगळ्या डिस्क व्यवस्थित चालतात. रविवारी वाचनगटाला सिनेमा दाखवायचा आहे. सगळ्यांनी चेस्टर हाइम्सची कादंबरी वाचून ठेवली आहे, सगळे वाट बघताहेत. काय करू? कृपया लवकर सांगा.

जुनं रीळ:
डीव्हीडी आहे की ब्ल्यू-रे? प्लेअर कुठे घेतलेला? पडद्यावरची ओळ नेमकी काय?

मीनल_ठाणे:
मऊ सुती कापडाने पुसून बघा. मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. माझ्याकडच्या कितीतरी डिस्क अशाच चालू झाल्या.

शार्लटकर:
डिस्कच्या भानगडीत कशाला पडता? ऑनलाइन भाड्याने घ्या आणि बघा. मी इथे तसाच पाहिला. रेड फॉक्सने काय काम केलंय! भंगार गोळा करणारा अंकल बड आहे तो. दोनच वर्षांनी टीव्हीवर भंगारवाल्याच्याच भूमिकेत तो घराघरांत पोचला.

निशिगंधा_नागपूर:
पुसून झाली. ऑनलाइन मला इथे कुठेही मिळाला नाही, म्हणून तर डिस्क मागवली. चालवायची कशी तेवढं सांगा ना कुणीतरी.

जुनं रीळ:
ताई, माझे तीन प्रश्न अजून तसेच आहेत. त्यांची उत्तरं आल्याशिवाय सगळे अंधारात बाण मारणार. खोक्याच्या पाठीवर खाली बारीक चिन्ह असेल. पृथ्वीचा गोल आणि त्यात आकडा असेल तर डीव्हीडी. षटकोनात इंग्रजी अक्षर असेल तर ब्ल्यू-रे.

खटारा प्लेअर:
रीजनचा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्या विभागाचा, घोळ आहे, शंभर टक्के. रिमोटवरून कोड मारा. ट्रे उघडा ठेवून मेनूत जायचं, आकडे दाबायचे आणि शून्य. शून्य म्हणजे सगळे रीजन खुले. माझा प्लेअर असाच उघडलाय. मॉडेल नंबर द्या, कोड शोधून देतो.

निशिगंधा_नागपूर:
षटकोन आहे, आत ए. खोकं निळं आहे, किनो लॉर्बर या कंपनीचं नाव लिहिलंय. प्लेअर इथेच नागपुरात घेतलेला, ब्ल्यू-रे चालवणाराच आहे. या भागात ही डिस्क चालणार नाही, अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते.

जुनं रीळ:
मग प्रश्नच मिटला. ब्ल्यू-रेचे तीन विभाग आहेत. अमेरिका आणि जपान ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत, चीन, रशिया सी. तुमचा प्लेअर सी, डिस्क ए. डिस्क ठणठणीत आहे, प्लेअरही ठणठणीत आहे. खटारा, तुझा कोड डीव्हीडीपुरता. बहुतेक प्लेअरमध्ये ब्ल्यू-रेचं कुलूप वेगळं असतं, रिमोटने ते हलत नाही.

खटारा प्लेअर:
माझं हललं.

जुनं रीळ:
कुठली ए विभागाची ब्ल्यू-रे चालवलीस, नाव सांग.

खटारा प्लेअर:
डीव्हीडी चालवल्या. पण तत्त्व तेच ना.

जुनं रीळ:
तेच नाही, हेच तर सांगतोय. डीव्हीडीला आठ विभाग, अमेरिका १ आणि आपण ५. ती पद्धतच निराळी.

मीनल_ठाणे:
मग युरोपातली प्रत मागवा.

जुनं रीळ:
युरोप बी. तीही सी प्लेअरमध्ये अडकेल, सगळ्या विभागांत चालणारी छापली असेल तरच चालेल.

अ‍ॅड. सुमेधा:
सार्वजनिक प्रदर्शनाचं बघितलं का? विकत घेतलेली डिस्क घरी बघण्यासाठी असते. सभागृहात दाखवायची तर हक्कधारकाची परवानगी लागते, तिकीट नसलं तरीही.

निशिगंधा_नागपूर:
घरीच दाखवायचाय हो, आमच्या दिवाणखान्यात. गटातली ओळखीची माणसं आणि चहा-चिवडा.

पऱ्हाटी:
मी यवतमाळचा, घरची जिनिंग. या सिनेमात कापसाच्या गासडीत सत्याऐंशी हजार डॉलर लपवलेत, आणि अंकल बड ती गासडी हातगाडीवर टाकून नेतो. आपल्याकडची गासडी १७० किलोची, अमेरिकेतली ४८० पौंडांची, म्हणजे २१७ किलोच्या वर. लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. ती रस्त्यावरून हलवायला आमच्याकडे दोन-तीन हमाल लागतात. एकटा म्हातारा ती गाडीवर चढवणार कशी?

शार्लटकर:
पण हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, गासडी दिसते म्हणूनच सगळे चक्रावतात ना. ज्या कापसाच्या शेतांतून पळून लोक उत्तरेला आले, तोच कापूस भर रस्त्यात. ऑसी डेव्हिसचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला सिनेमा, १९७० चा, तोही खऱ्याखुऱ्या हार्लेमात चित्रित केलेला. कृष्णवर्णीय गुप्तहेराचा तो गाजलेला 'शाफ्ट' त्यानंतर वर्षभराने आला. आणि शेवटी म्हातारा ते पैसे घेऊन घानाला

मीनल_ठाणे:
अहो!! शेवट कशाला फोडताय? मी पाहिलेला नाही.

समता_दादर:
ज्यांनी कादंबरी वाचली त्यांच्यासाठी एक मुद्दा. रेव्हरंड डीक ओमॅली आफ्रिकेला परत नेणाऱ्या जहाजाच्या नावाने गरिबांकडून पैसे गोळा करतो. त्यामागे 'आफ्रिकेला परत चला' म्हणणारा कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्वी आणि त्याची १९१९ ची जहाज कंपनी ब्लॅक स्टार लाइन आहे. हाइम्सने तिची खिल्ली उडवली असं मला वाटतं.

शार्लटकर:
साफ नामंजूर. गार्वी लुटारू नव्हता. डीक त्याच्या स्वप्नाचं दुकान मांडून बसलाय, आणि हाइम्सचा राग त्या दुकानावर आहे. पैसे देणाऱ्या माणसांकडे सिनेमा किती मायेने बघतो ते पाहा.

समता_दादर:
पैसे देणाऱ्यांबद्दल मान्य. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघूनच. त्यामुळे तो काळ मला फार जवळचा वाटतो. वाचनगटात यावर जरूर बोला, निशिगंधाताई.

निशिगंधा_नागपूर:
बोलू हो, पण आधी सिनेमा तर चालू दे! रीळकाका, मग आता काय करायचं?

जुनं रीळ:
दोन रस्ते. एक, भावाकडून अमेरिकन प्लेअर मागवायचा. रविवारपर्यंत येणार नाही, आणि तिकडची वीज १२० व्होल्टची, त्यामुळे पाठीवरच्या पट्टीवर १००-२४० लिहिलेलं नसेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचा नाही. दुसरा, यूएसबीने जोडायचा ब्ल्यू-रे ड्राइव्ह आणि लॅपटॉप. ब्ल्यू-रेचा विभाग ड्राइव्ह तपासत नाही, चालवणारं सॉफ्टवेअर तपासतं. मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर विभाग विचारत नाही. डिस्क वाचून एक फाइल बनवेल, ती व्हीएलसी या व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर लावा. चाळीस जीबी जागा मोकळी ठेवा. वेळ लागतो, म्हणून शनिवारीच उरका. ड्राइव्ह घेताना नीट बघा, दुकानदार डीव्हीडीचा हातात देतात. वर बीडी लिहिलेलं हवं.

अ‍ॅड. सुमेधा:
कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ वाचून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीत आलंय. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा आहे. स्वतःची डिस्क घरी बघणं वेगळं, पण ती फाइल कुणाला पेन ड्राइव्हवर देऊ नका.

खटारा प्लेअर:
एवढं करण्यापेक्षा एमजीएम कंपनीची २००१ ची डीव्हीडी घ्या. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या कुठल्याही लॅपटॉपवर लागते.

जुनं रीळ:
लागते, पण ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो, मग कायमचा अडकतो. आणि ती रविवारपर्यंत कुठून आणणार?

निशिगंधा_नागपूर:
गटातल्या एका काकांकडे बीडी लिहिलेला ड्राइव्ह निघाला, उद्या संध्याकाळी आणून देताहेत. मनापासून आभार. आता एकच, सबटायटल्स असतील का? आमच्यातल्या दोघींना ऐकू कमी येतं, आणि हार्लेमची बोली वेगात जाते.

जुनं रीळ:
खोक्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, तिथे बघा. त्या कंपनीच्या सुरुवातीच्या बऱ्याच डिस्कवर नसायचे. नसतील तर सबटायटल्सची फाइल वेगळी शोधून व्हीएलसीत जोडता येते, पण ती ब्ल्यू-रेच्या वेळेशी जुळणारी हवी. युरोपातल्या डीव्हीडीवरून काढलेली घेतलीत तर ओळी हळूहळू पुढे पळतील, कारण तिकडे सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटी धावतात. आणि लॅपटॉप टीव्हीला कसा जोडणार आहात? एचडीएमआय आहे का?