मदत हवी आहे: पाचवी वेव्हलेंथ उठत नाही, आधीच्या चारांची पॉवर पडलीय (इंदूर–पीथमपूर)

राजवाडा_राउटर

नमस्कार मंडळी,

इंदूरच्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे मेट्रो नेटवर्क सांभाळतो. राउटिंग-स्विचिंग हातचा मळ आहे, पण फायबरच्या आत काय चालतं म्हणाल तर "लाइट आहे" आणि "लाइट नाही" एवढ्यावरच आजवर निभावलं. आता निभत नाहीये.

(मेट्रो नेटवर्क म्हणजे शहरातलं आणि आसपासचं फायबरचं जाळं, सुपर कॉरिडॉरवरची ट्रेन नव्हे. आजीला सांगायला गेलो तर म्हणाली, "म्हणजे रुळांखालून जाते का रे तुमची तार?")

मांडणी अशी. विजयनगरच्या आमच्या खोलीपासून पीथमपूरपर्यंत भाड्याचे दोन कोर (काचेचे धागे), एक जायला, एक यायला. केबल फिरत फिरत गेलीय, लांबी ४६ किमी भरते. दोन्ही टोकांना आठ चॅनेलचा पॅसिव्ह डीडब्ल्यूडीएम मक्स (वेगवेगळ्या वेव्हलेंथ, म्हणजे प्रकाशाचे रंग, एकाच कोरवर घालणारा डबा), चॅनेल २७ ते ३४. त्यातल्या २७, २८, २९ आणि ३० वर चार १० जीच्या (सेकंदाला १० गिगाबिटच्या) लिंक वर्षभर सुखात चालल्या. मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारे, प्रकाश पाठवणारे-घेणारे) सगळे ८० किमीवाले.

गेल्या महिन्यात राऊच्या अलीकडे जेसीबीने केबल तोडली. रात्रीतून जोडली गेली, लिंक उठल्या, आम्ही पहाटे पोहे खाऊन घरी जाऊन झोपलो. तेव्हापासून पीथमपूरच्या बाजूला चारही लिंकवर सीआरसी एरर (बिघडून पोचलेला डेटा) वाढतायत. त्यातच मागच्या आठवड्यात ३१ वर पाचवी लिंक लावली, ती उठलीच नाही. आकडे डीबीएममध्ये देतो (उजेडाची पॉवर; उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी):

पीथमपूरला पोचणारी पॉवर: चारही चॅनेल -२२.१ ते -२२.६. तुटण्याआधी -१७ च्या आसपास होते.
इंदूरला पोचणारी: चारही -१७ च्या आसपास, होते तसेच.
पाचवी लिंक: इंदूरला -१७.३ दिसतो. पीथमपूरला काहीच नाही.

फायबरवाल्यांनी ओटीडीआर (कोरमध्ये झोत सोडून कुठे किती नुकसान ते दाखवणारं यंत्र) मारला, रिपोर्ट "ओके". पाचव्या मॉड्यूलसमोर मोबाइलचा कॅमेरा धरला, उजेड दिसला नाही, म्हणून मॉड्यूल मेलंय असं वाटतंय. आणि डेटाशीटमध्ये रिसीव्हरची मर्यादा -२३ लिहिलीय, मग -२२.४ ला एरर का यावेत?

साहेबांचं म्हणणं, दोन्ही आजार एकाच दिशेचे आहेत, इंदूरच्या टोकाला एक अॅम्प्लिफायर लावून टाका. कोटेशन आलंय. आकडा बघताना त्यांचा चहा गार झाला, पण घ्यायचं म्हणतायत.

अॅम्प्लिफायरने दोन्ही सुटेल का? आणि एक बावळट प्रश्न: जेमतेम ०.८ नॅनोमीटरच्या अंतरावरचे आठ रंग एकाच काचेत मिसळत कसे नाहीत?

पोहे_जलेबी

भिया, तिसरा कोर मोकळा असेल तर त्यावर टाकून द्या. झंझट खतम.

राजवाडा_राउटर

असता तर हा धागा कशाला काढला असता, भाऊ. भाडं दोनच कोरचं भरतो. म्हणून तर मक्स घेतला.

निवृत्त_जोडारी

बडोद्याहून लिहितो. उभी हयात मॅनहोलमध्ये आणि स्प्लायसिंगच्या (कोर जोडण्याच्या) तंबूत गेली, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं, कोटेशन बाजूला ठेवा. एकाच दिशेला दोन तक्रारी दिसल्या म्हणून तुम्ही सगळे एकच रोग धरून बसलात. आकडे तसं म्हणत नाहीत. चार जुन्या चॅनेलचं नुकसान सारखंच आहे, पाच डीबीच्या थोडं वर. चार मॉड्यूल एकाच रात्री, एकाच मापाने बिघडत नाहीत. म्हणजे दोष चौघांच्या सामाईक वाटेवर, मक्सच्या कॉमन पोर्टपासून (जिथून सगळे रंग एकत्र निघतात) पुढे कुठेतरी. आता पाचवी बघा. तीही त्याच वाटेने जाते. दोष फक्त वाटेचा असता तर पीथमपूरला तीसुद्धा -२२ ला दिसली असती, एरर देत का होईना. ती तर शून्य आहे. म्हणजे ती वाटेवर आलेलीच नाही. तिचा दोष वेगळा आणि तुमच्या खोलीतच.

कॅमेऱ्याची परीक्षा रद्द धरा. मोबाइलचा सेन्सर सिलिकॉनचा, त्याला ११०० नॅनोमीटरच्या पलीकडे काही दिसत नाही. तुमचा उजेड १५५० च्या घरातला. चालू मॉड्यूलसमोर धरलात तरी अंधारच दिसेल. आणि डोळा तर मुळीच लावू नका, दिसत नसलं तरी लागतं.

तुटण्याआधीचा हिशेब करून पाहू. ४६ किमीला दर किमी ०.२२ धरून १०.१ डीबी. मक्स-डीमक्स मिळून ५. चार-चार किमीचे ड्रम धरले तर बारा जॉइंट, १.२. कनेक्टर चार, २. झाले १८.३. मॉड्यूल +१.२ ने निघालं तर -१७.१ ला पोचतं. तुमचे जुने आकडे चोख होते. पाच डीबी जाणं म्हणजे उजेडाचा तिसरा हिस्साच उरणं.

आता मला एकच सांगा. ओटीडीआर कोणत्या वेव्हलेंथवर मारला?

राजवाडा_राउटर

काका, नमस्कार. रिपोर्टची पीडीएफ उघडली. वर कोपऱ्यात १३१० लिहिलंय. फक्त १३१०.

निवृत्त_जोडारी

मग तो रिपोर्ट भिंतीवर लावा, उपयोग तेवढाच.

कोर कुठे तीव्र वळला असेल तर लांब वेव्हलेंथ आधी गळते. १५५० चा प्रकाश कोरच्या कडेबाहेर जास्त पसरलेला असतो, वळणावर तो आधी निसटतो. १३१० आत घट्ट धरलेला असतो, तो त्याच वळणावरून जवळजवळ कोरडा निघून जातो. १६२५ सर्वांत आधी सांडतो. एकाच जागी १३१० वर थोडं आणि १५५० वर पुष्कळ नुकसान दिसलं की समजायचं, जॉइंट चांगला आहे, वळण वाईट आहे. स्प्लाइस खराब असेल तर दोन्हीकडे साधारण सारखंच दिसतं.

रात्रीची घाईची दुरुस्ती म्हटली की मला जॉइंटच्या पेटीतला ट्रे दिसतो. जॉइंट मशीनवर ०.०२ दाखवतो, पोरं खूश होतात, आणि उरलेला कोर ट्रेमध्ये कोंबून झाकण दाबतात. मीही तरुणपणी कोंबलाय, त्यामुळे शिव्या देत नाही.

१५५० आणि १६२५ वर पुन्हा मारायला सांगा. पण मक्सच्या पुढून, कॉमन पोर्टची पॅचकॉर्ड काढून थेट कोरवर. मक्समधून १६२५ जाणारच नाही. आणि पलीकडची पॅचकॉर्डही आधी काढून ठेवा, ओटीडीआरचा झोत रिसीव्हरवर गेला तर रिसीव्हर जाईल.

सदाशिव_लॅम्डा

काकांशी सहमत. -२३ चा मुद्दा राहिला, तो मी घेतो. डेटाशीटमधला आकडा टेबलावर, मध्ये फायबर नसताना मोजलेला असतो. ४६ किमीमध्ये पल्स पसरतात. साध्या जी.६५२ फायबरला किमीमागे १७ धरा, तुमचं डिस्पर्शन, म्हणजे हे पसरणं, ७८२ झालं. ८० किमीचं मॉड्यूल १३६० सोसायलाच बनवलंय, त्यामुळे लिंक पडणार नाही, पण त्याची किंमत म्हणून डीबी-दोन डीबी संवेदनशीलता जाते. शिवाय स्विच जो आकडा दाखवतो त्यात दोन-तीन डीबी इकडेतिकडे असायला मुभा असते. -२२.४ वर एरर येतायत यात नवल नाही, एवढे दिवस चाललं हेच पुष्कळ. (१०० जी कोहेरंट असतं तर डिस्पर्शन रिसीव्हरच्या चिपनेच गणित करून काढून टाकलं असतं. तुमच्या १० जीच्या डब्यात ती चैन नाही.)

रंग मिसळत नाहीत कारण डब्यात पातळ थरांचे फिल्टर आहेत. काचेच्या बारीक तुकड्यावर लेपाचे थर असे दिलेले असतात की एकच वेव्हलेंथ पार जाते, बाकीच्या परावर्तित होऊन पुढच्या तुकड्याकडे. आठ तुकडे, आठ दरवाजे. वीज लागत नाही, म्हणून पॅसिव्ह. आणि ०.८ नॅनोमीटर ऐकायला चिमूटभर वाटतं, पण फ्रिक्वेन्सीत ते १०० गिगाहर्ट्झ आहे. १० जीच्या सिग्नलला त्यात हातपाय पसरून झोपता येतं. मोठ्या नेटवर्कमध्ये ५० गिगाहर्ट्झवर ९६ चॅनेल बसवतात.

नंबरामागची युक्ती लक्षात ठेव. चॅनेल ३१ म्हणजे १९३.१ टेराहर्ट्झ, ३२ म्हणजे १९३.२. नंबर वाढला की फ्रिक्वेन्सी वाढते आणि नॅनोमीटर उतरतात: ३१ ला १५५२.५२, ३२ ला १५५१.७२. इथे भलेभले उलटा जिना चढतात.

अॅम्प्लिफायर वाईट नाही, १९८७ मध्ये साउदॅम्प्टनला अर्बियम घातलेल्या फायबरने प्रकाश थेट वाढवून दाखवला म्हणून तर हा धंदा उभा राहिला. त्याआधी दर टप्प्यावर प्रत्येक सिग्नल उतरवून विजेत करायचा आणि पुन्हा चढवायचा. अर्बियम नेमकं १५३० ते १५६५ च्या पट्ट्यात काम करतं, जिथे काचेचं नुकसानही सर्वांत कमी, आणि सगळे चॅनेल एका झटक्यात उचलतं. पण तुझ्याकडे तो दुखणं झाकेल, बरं करणार नाही. उद्या ते वळण आणखी दबलं की पुन्हा तिथेच. आणि पाचव्याला शून्य उपयोग. जो प्रकाश फायबरमध्ये शिरलाच नाही तो वाढवणार कसा?

तेव्हा पाचव्या मॉड्यूलच्या खोक्यावर काय लिहिलंय ते सोड. स्विचवर मॉड्यूलची माहिती वाच, त्याच्या चिपमध्ये वेव्हलेंथ लिहिलेली असते. दोन्ही टोकांची वाचून इथे टाक.

राजवाडा_राउटर

वाचली. डोकं धरून बसलोय.

पीथमपूरच्या मॉड्यूलमध्ये १५५२.५२. बरोबर, ३१.
इंदूरच्या मॉड्यूलमध्ये १५५१.७२. खोक्यावर मात्र ठसठशीत ३१!

म्हणजे मी ३२ चं मॉड्यूल ३१ च्या दारातून ढकलत होतो. पीथमपूरचं खरंखुरं ३१ आहे म्हणून इंदूरला उजेड येत होता. पुरवठादाराला फोन केला, बदलून देतो म्हणाला, पण दहा दिवस. ग्राहक रोज सकाळी फोन करतोय. दोन्ही टोकं ३२ च्या पोर्टवर टाकली तर?

सदाशिव_लॅम्डा

तर पीथमपूरचं ३१ तिकडे अडकेल, आजार फक्त दिशा बदलेल.

पण जुगाड आहे. रिसीव्हर रंगांध असतो. त्याला ३१ आलं काय, ३२ आलं काय, पट्ट्यातला प्रकाश पाहिजे एवढंच. रंग निवडतो तो मक्स. तुझ्या मक्सवर जायचं आणि यायचं भोक वेगळं आहे ना? मग पॅचकॉर्डची जोडक्लिप काढ आणि दोन्ही धागे सुटे कर. इंदूरचं पाठवणं ३२ च्या पोर्टात, पीथमपूरचं घेणं ३२ मधून. पीथमपूरचं पाठवणं ३१ मध्ये, इंदूरचं घेणं ३१ मधून. जाताना ३२, येताना ३१. मॉड्यूलना पत्ताही लागणार नाही.

फक्त लेबल लाव. नाहीतर सहा महिन्यांनी रात्रपाळीचा पोरगा "नीट" करून ठेवेल. आणि टेबलावर तपासायचा मोह झाला तर ८० किमीचं मॉड्यूल छोट्या पॅचकॉर्डने स्वतःलाच लूप करू नकोस. रिसीव्हर -७ च्या वर पोळतो, मध्ये अॅटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) हवाच.

राजवाडा_राउटर

अपडेट. पाचवी लिंक काल दुपारी उठली. जाताना ३२, येताना ३१. पीथमपूरला -२२.३, म्हणजे काका म्हणाले तसं, दुसऱ्या आजारासकट.

रात्री १ ते ४ बंदची परवानगी घेतली आणि १५५० व १६२५ वर ओटीडीआर मारून घेतला. इंदूरपासून १७.३ किमीवर एकच पायरी: १३१० वर ०.३, १५५० वर ४.६, आणि १६२५ वर तर ट्रेस तिथून खाली कोसळलेला. फायबरवाल्या मुलाने स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गाडीची किल्ली घेतली.

राऊच्या अलीकडे क्लोजर (तीच जॉइंटची पेटी) वर काढलं. झाकण उघडल्यावर आधी तर सगळं नीटच दिसलं, स्लीव्ह ओळीत, सगळे कोर गोल फिरलेले. आमचा जाणारा कोर मात्र ट्रेच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला वळसा घालून, झाकणाच्या खाचेखाली दबलेला. वळसा केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा. त्याने चिमट्याने उचलून मोठ्या गोलात बसवला. जॉइंटला हातही लावावा लागला नाही. पीथमपूरच्या मुलाला फोन लावलेलाच होता, तो म्हणाला, "-१७.८ झाला!" मग त्याच्याकडूनच ओडीएफवरचा (केबलचे कोर जिथे कनेक्टरवर येतात त्या पेटीवरचा) कनेक्टर पुसून घेतला, आणखी ०.६ मिळाले. आता -१७.२. सकाळपासून सीआरसीचा काउंटर शून्यावर आहे.

निवृत्त_जोडारी

छान. क्लोजर बंद करताना रबराची गॅस्केट बसवली ना नीट? पावसाळा जवळ आलाय, पाणी शिरलं तर पुन्हा याच धाग्यावर भेटू.

राजवाडा_राउटर

बसवली काका, टॉर्च धरून मीच उभा होतो. ट्रेचा फोटो काढून ठेवलाय, यापुढे दुरुस्ती झाली की १५५० चा ट्रेस आणि उघड्या ट्रेचा फोटो मिळाल्याशिवाय सही नाही.

कोटेशन साहेबांनी स्वतःच उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मी लेबलं लिहिली: "मुद्दाम असं आहे. बदलू नका." एक इंदूरला चिकटवलं, दुसरं पीथमपूरला पाठवलं.