टोमॅटो स्वपरागित आहे, मग फळ का धरत नाही?

जाळीतली बाग: बाल्कनीला बारीक जाळी आहे, किडा म्हणून आत येत नाही. टोमॅटोला घोसच्या घोस फुलं येतात आणि पिवळी पडून गळतात. पुंकेसर (नर भाग) आणि स्त्रीकेसर (मादी भाग) एकाच फुलात, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळ धरायला हवं, मग अडतंय कुठे?

परागवेडी: 'स्वपरागित' वाचलं की लोक झाडाला वाऱ्यावर सोडतात, आणि टोमॅटोला नेमका तो वाराच मिळत नाही! एक ताजं फूल जवळून बघा. मधला पिवळा सुळका म्हणजे एकमेकांना चिकटलेले परागकोश, परागाच्या पिशव्या. कुक्षीवृंत, म्हणजे मादी भागाचा दांडा, त्याच्या पोटात दडलेला असतो. पराग आतल्या बाजूने सुटतो, पण त्यासाठी सुळका हलावा लागतो. उघड्यावर ते काम वारा करतो, नाहीतर भुंगा. भुंगा फुलाला लटकतो आणि पंख न फडफडवता छातीचे स्नायू असे थरथरवतो की डबीतून मीठ पडावं तसा पराग झडतो. बघत राहावं असं दृश्य! मधमाशीला ही थरथर जमत नाही.

तुम्ही ऊन जरा चढल्यावर घोसाच्या देठाला टिचकी मारा. फुलाला नको, देठालाच. इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ टेकवली तरी चालेल. फुलं आहेत तोवर रोज करा.

रोपवाटिका: तरीही गळ थांबली नाही तर तापमान बघा. दिवसा ३५ अंशांच्या पुढे परागच नीट तयार होत नाही, मग टिचकी मारून काय उपयोग?

केना: वाटाण्याला एवढंही लागत नाही. फूल उमलायच्या आधीच, मिटलेल्या पाकळ्यांत परागकोश फुटतात. म्हणून तर वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलला संकरासाठी कळीतच पुंकेसर काढून टाकावे लागायचे. आणि ज्याचं नाव मी इथे घेतलंय, त्या केना नावाच्या तणाची काही फुलं मातीखालीच असतात. ती कधी उमलत नाहीत, तरी त्यांत बी धरतं!

जाळीतली बाग: आजपासून टिचकी सुरू. काकडीलाही हेच करू का?

परागवेडी: नाही, तिथे नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे इवलीशी काकडी दिसते. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागकोश मादी फुलाच्या कुक्षीवर (पराग झेलणाऱ्या टोकावर) अलगद फिरवा. दोन्ही फुलं एकाच वेलावरची असली तर आनुवंशिकदृष्ट्या तेही स्वपरागणच, फक्त वाहक तुम्ही.